सभेची अध्यक्ष मीच होते

सर, काल दिवसभर मी एका प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले होते आणि ते मला लिहिता आलं नाही, म्हणून आज तुम्हाला लिहिते आहे. प्रश्न असा आहे : राष्ट्राध्यक्षाचे अधिकार आणि त्याची परिणामकारकता यांतला फरक उदाहरणांसह स्पष्ट करा. तुम्ही हसाल. तुमच्या नागरिकशास्त्राच्या तासाला खिडकीतून जवळा बाजार गावातली गर्दी बघत बसणारी मी, आता केस पांढरे झाल्यावर घरबसल्या बी.ए. करते आहे, आणि तेही राज्यशास्त्र घेऊन. रविवारी सकाळच्या एसटीने हिंगोलीला जाते, तिथे एका कॉलेजात आमचे तास होतात, माझ्या लेकीहून लहान पोरींच्या बाकावर बसते आणि संध्याकाळी परत येते. पुस्तक जाड आहे. शब्द अवघड आहेत, पण एकेक वाक्य दोनदा वाचलं की कळतं. ही सवय तुम्हीच लावलेली.

पुस्तकात निरनिराळ्या देशांचे अध्यक्ष आहेत. अमेरिकेचा अध्यक्ष संसदेचा कायदा नाकारू शकतो, पण संसदेने दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतांनी तोच पुन्हा मंजूर केला तर त्याचं काही चालत नाही. काही देशांत अध्यक्ष आणि पंतप्रधान दोघेही असतात, आणि कुणाचं कुठे चालेल हे निवडणुकीनंतर ठरतं. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. हे सगळं मला पाठ आहे. पण पुस्तक पुढे म्हणतं की कागदावर काय लिहिलंय त्यावरून अध्यक्षाची ताकद कळत नाही; हुकूम सुटला तरी त्याच्याच कचेरीतली माणसं तो दाबून ठेवतात, आणि ज्याला थोडेच अधिकार आहेत असाही एखादा समोरच्याला पटवून मोठं काम करून जातो. हा धडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फार आनंद झाला होता. वाटलं, हे मला माहीत आहे, हे तर आमच्या ग्रामपंचायतीबद्दलच लिहिलंय. आता तोच धडा उघडला की मी पान उलटते.

होय सर, मी सरपंच आहे. जागा बाईसाठी राखीव निघाली तेव्हा माझे दीर म्हणाले, "वहिनी, तुमी फक्त उभ्या राहा, बाकी आमी बघतो." मी उभी राहिले, पण बाकी त्यांना बघू दिलं नाही. कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही एवढं एकच मी पहिल्या दिवशी ठरवलं. ग्रामसेवक वैतागायचे, "ताई, समदं वाचत बसल्या तर गाडी चुकंल माझी." मी म्हणायचे, दुसरी गाडी असते. हिंगोलीच्या वर्गात एकदा मॅडमनी विचारलं की सत्ता पदात असते की माणसात. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "मॅडम, आमच्या गावात तं सरपंचबाईच्या नवऱ्यात असती." सगळे हसले. माझ्या शेजारची पोरगी म्हणाली, "ए, गप. मावशी सरपंच हायेत." तर तो म्हणतो, "मग काका लै पावरफुल असतील." मी म्हटलं, "काका न्हाईत रे बाबा. आजूबाजूच्या बावीस खेड्यांत मीच एक अशी सरपंच, जिला नवरा बी न्हाई अन् नवऱ्याचा फोन बी न्हाई." मग वर्ग आणखी हसला, मीही हसले. त्या दिवशी एसटीत खिडकीशी बसून मी किती ऐटीत घरी आले होते! हे आठवलं की आता तोंड लपवावंसं वाटतं.

तुम्ही आम्हाला वर्गात संसद करायला लावली होती, ते तुम्हाला कुठे आठवत असणार, दरवर्षी करत होतात. त्या वर्षी राष्ट्रपती मी होते. तुमची लाकडी खुर्ची मला दिलीत, आणि मी फळ्यापाशी पाय हलवत बसले होते. पोरांनी कायदा केला की वर्ग रोज पोरींनीच झाडायचा. पोरं जास्त होती, हात वर झाले, कागद माझ्याकडे आला आणि मी सही केली. तुम्ही विचारलंत, "राष्ट्रपतीबाई, वाचला का?" मी म्हटलं, न्हाई. "काहून?" "सगळ्यांनी हात वर केले होते, सर." तुम्ही म्हणालात की राष्ट्रपतीला कायदा एकदा परत पाठवता येतो, फेरविचार करा म्हणून. मी विचारलं, आणि त्यांनी पुन्हा तसाच धाडला तर? "तर सही करावी लागते." "मग काय उपेग, सर?" वर्ग खो-खो हसला, पण तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "बराबर विचारलंस. उपेग एवढाच, की त्यांना पुन्हा हात वर करावा लागतो. अन् दुसऱ्यांदा हात वर करताना माणूस आजूबाजूला बघतो." मग आम्ही पोरींनी उरलेलं वर्ष वर्ग झाडला. तुम्ही तो कायदा रद्द केला नाहीत. मला तेव्हा तुमचा राग आला होता. राष्ट्रपतीने सही केली आहे, मी कोण, असं तुम्ही म्हणाला होतात.

दहावीच्या आधीच माझं लग्न लागलं, आणि लेक पायावर उभी राहायच्या आत हे गेले. त्या दिवसांत भेटायला येणारा प्रत्येक माणूस माझ्या नशिबाबद्दल बोलून जायचा. तुम्ही सायकलवर आलात, ओट्यावर बसलात, चहाला नको म्हणालात. माझ्या मनगटाला चिंधी बांधलेली होती. दहाव्याला बांगड्या दगडाने फोडताना काच आत गेली होती. तुम्ही चिंधीकडे बघून विचारलंत, "फार तकलीफ होते का हाताला?" तेवढंच. बाकी कुणी हाताचं विचारलं नव्हतं, सर. आणि मग दर बाजाराच्या दिवशी तुम्ही माझ्या दिरांच्या हाती आठवड्याचे शिळे पेपर दोरीत बांधून पाठवू लागलात. निरोप एकच असायचा, वाचून झाले की परत नको. मी स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून ते वाचायचे, अग्रलेख कळायचे नाहीत तरी वाचायचे. सासू म्हणायच्या, "मास्तरानं हिला काय वकील करायचं ठरवलं का काय?" तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी एकदा तुमच्या घरी आले. चाचींनी मला आत, त्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं, शेवया वाढल्या. तुम्ही पलंगावरून विचारलंत, "वाचून राहिलीस ना?" मी हो म्हटलं. त्यानंतर तुमची भेट नाही, तुम्ही गेल्याची बातमीच आली.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. सरपंच झाल्यावर मी ग्रामसभेत एक ठराव आणला : गावात कुणाचा नवरा वारला तर तिच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, तिला हळदीकुंकवाला बोलवायचं. असे ठराव आणखीही गावांनी केले होते, मी पेपरात वाचलं होतं. मला वाटलं होतं भांडणं होतील. झाली नाहीत. मारुतीच्या पारासमोर सगळे जमले होते. मी उभी राहून स्वतःच्या मनगटाबद्दल बोलले. बायका रडल्या. माझ्या पुतण्याची बायको, म्हणजे धाकट्या दिरांची सून, लेकरू मांडीवर घेऊन मागे बसली होती. तिने हात वर केला आणि हसत लेकराचाही हात धरून वर केला. तिकडे पुरुषांतून पुतण्या ओरडला, "अय, दोन-दोन मतं! माझ्या मरणाची तयारी करून राहिली का काय?" ती म्हणाली, "तुमी काही लवकर मरत न्हाई, फिकर नका करू." सगळी सभा हसली. ठराव एकमताने मंजूर झाला. सभेची अध्यक्ष मीच होते, खाली सही माझी आहे.

पुढच्या पेरणीनंतर पुतण्या विहिरीवरची मोटार चालू करायला गेला आणि शॉक लागून तिथेच गेला. आमची घरं लागून आहेत, अंगण एक आहे. मी त्या घरातच होते, भाकऱ्या करत होते, लेकराला झोपवत होते. आमच्यात बांगड्यांचं सगळं दहाव्याला होतं. म्हणजे मला वेळ होता. रोज वाटायचं, आज दिरांशी बोलावं, आज जावेला समजवावं. पण जाऊ भिंतीला टेकून एकाच जागी बसलेली, तिला पाणी प्यायलाही सांगावं लागत होतं. तिच्याशी ठरावाचं काय बोलायचं? दीर दिसले की मी आत जायचे. मी स्वतःला समजावलं की बोलायची गरजच नाही, गावाने ठराव केलाय, हात सगळ्यांनी वर केले होते, त्या दिवशी कुणीतरी आठवण काढेलच. सरपंच मी, ठराव माझा, आणि आठवण कुणीतरी काढेल म्हणून वाट बघणारीही मीच.

दहाव्याला भावकीतल्या बायका जमल्या. चुलत सासू आहेत आमच्या, ऐंशीच्या पुढच्या, त्याही विधवाच. त्यांना आता दिसत नाही, हात थरथरतात. त्या म्हणाल्या, "बाय, तूच कर. सवाशिणीला हात लावता येत न्हाई, अन् माझ्यानं होत न्हाई. घरात वडील तूच." मी म्हटलं, "काकी, गावानं ठराव केलाय. नाही केलं तर नाही का चालायचं?" सर, मी ते असं म्हटलं जसं कुणी उसनं मीठ मागतं. त्या म्हणाल्या, "ठराव गावचा हाय. मयत घरचं हाय." दारातून दीर म्हणाले, "वहिनी, हात जोडतो, आज राजकारण नका करू." आणि तोवर एक शब्द न बोललेली जाऊ म्हणाली, "माझ्या लेकराचं नीट होऊ द्या ओ ताई. काही राहिलं तं त्याला तिकडं सुख न्हाई लागायचं." तिला मी काय सांगणार होते? पण सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी दुसऱ्यांदा तोंड उघडलं नाही.

मी काय केलं ते लिहिते. माझ्या मनात आलं, करायचंच आहे तर मीच करते, निदान पोरीला लागू तरी देणार नाही. मी दगड घेतला नाही. तिच्या समोर बसले, तिचा हात माझ्या मांडीवर घेतला, साबणाचं पाणी लावलं आणि एकेक बांगडी हळूच उतरवली. ज्या दोन घट्ट होत्या त्या फडक्यात धरून दाबून मोडल्या. एक ओरखडा उठू दिला नाही. कुंकू ओल्या बोटाने पुसलं. मंगळसूत्राची कडी उघडली, आणि ते जावेच्या हातात दिलं. पोरगी माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. मला वाटलं, ती समजून घेते आहे, माझा नाइलाज आहे हे तिला कळतंय. मागून कुणीतरी म्हणालं, "किती मायेनं केलं बघा." आणि सर, मला ते ऐकून बरं वाटलं.

तिने माझ्याशी वागणं बदललं नाही. अजूनही मला मोठ्या आई म्हणते, गिरणीतून पीठ आणते, माझा फोन चार्जिंगला लावून देते. म्हणून मी हळूहळू निवांत होत चालले होते. सोयाबीन निघालं, दिवाळी झाली, मी पुन्हा पुस्तक उघडलं. एकदा दुपारी ती अंगणात हळदीचे गड्डे मोडत बसली होती, मीही हात लावायला बसले. मीच विषय काढला. का काढला, तर तिने मला माफ केल्याचं तिच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हटलं, "त्या दिवशी तुला लागलं तं न्हाई ना गं?" ती काम करता करताच म्हणाली, "न्हाई. लागलं असतं तर बरं झालं असतं." मी विचारलं, काहून? मग ती थांबली. म्हणाली, "मोठ्या आई, मी ठरवलं होतं. काकी आल्या असत्या, न्हाई तं दुसरं कुणी बी, तं मी हात ओढून घेणार होते. म्हणणार होते, गावानं ठराव केलाय, मी सोता हात वर केलाय. रात्रभर घोकलं होतं. पण तुमीच येऊन बसल्या. मंग मला वाटलं, तुमीच जर करून राहिल्या, तं ठराव-बिराव काही नसतंच." एवढं बोलून तिने पुन्हा गड्डा उचलला. तिचं लेकरू तिच्या पाठीवर लोंबकळत होतं, त्याला म्हणाली, "उतर रे, मोठ्या आईकडं जा." ते आलं, माझ्या मांडीत बसलं. मला त्याच्या केसावरून हात फिरवायलासुद्धा लाज वाटत होती.

तिला बळ देणारी मी, असं मी समजत होते. ती तर स्वतःच तयार होती. तिला फक्त एवढंच हवं होतं, की मी त्या जागी बसू नये. दुसरी कुणी दगड घेऊन आली असती तर त्या पोरीने माझा ठराव माझ्याहून चांगला चालवला असता. मी मायेने केलं, म्हणून तिचा हात हललाच नाही. पुस्तकात परिणामकारकता मोजायच्या पद्धती दिल्या आहेत : किती कायदे मंजूर करून घेतले, किती नाकारले, किती आश्वासनं पुरी झाली. यातली एकही मला लागू पडत नाही. माझा ठराव एकमताने मंजूर आहे. तो कुणी रद्द केलेला नाही. तालुक्याहून विचारणा झाली तर ग्रामसेवक सांगतात, "आमच्या गावात ठराव हाय," आणि ते खोटं नाही. अध्यक्ष जिथे बसायला नको तिथे जाऊन बसला आणि त्यामुळे काय घडायचं राहिलं, हे मोजायला पुस्तकात रकाना नाही. मॅडमना विचारावं असं वाटलं होतं. मग वाटलं, त्या विचारतील, मावशी, उदाहरण द्या.

आणखी एक आहे, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. विधवेला कशालाच पुढे बोलवत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. लेकीच्या लग्नात तिला हळद लावताना मी मागच्या खोलीत बसून लाडू वळत होते. ओटी भरायची, डोहाळजेवण, बारसं, सगळीकडे मी मागे. सरपंच झाल्यावर पंचायतीत खुर्ची मिळाली, पण घरातल्या बायकांत मी मागेच होते. त्या दहाव्याला पहिल्यांदा सगळ्या भावकीने मला पुढे बोलावलं. "तूच कर, घरात वडील तूच" असं म्हणाल्या, बाजूला सरकून जागा करून दिली. मी नाइलाजाने गेले असं आजवर स्वतःला सांगत आले. जावेचं रडणं खरं होतं, दिरांनी जोडलेले हात खरे होते. पण उठून त्या जागेकडे जाताना माझ्या छातीत जे झालं ते नुसतं दुःख नव्हतं. मला बोलावलं, याचं बरं वाटलं होतं. त्या बायकांनी माझं कधी नव्हे इतकं निमूट ऐकलं. पाणी आणा म्हटलं, पाणी आलं. लेकराला बाहेर न्या म्हटलं, नेलं. माझा शब्द असा ताबडतोब कधीच चालला नव्हता, सर, आणि तो चालला कारण त्यांना जे हवं होतं तेच मी करत होते.

हे उत्तरात लिहिता येत नाही. मी अमेरिकेचं उदाहरण देईन, मार्क मिळतील.

पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे, अध्यक्ष मीच असणार. उभं राहून सांगावं की हा ठराव पहिल्यांदा मी मोडला, असं रोज सकाळी वाटतं, आणि दुपारपर्यंत वाटतं की त्याने जावेची जखम पुन्हा उघडी पडेल, दिरांची मान खाली जाईल, पोरीचीच चर्चा होईल. यातलं किती खरं आणि किती माझी पळवाट, ते मला समजत नाही. हे सगळं आधी त्या पोरीला सांगायला पाहिजे, एवढं समजतं. ती आत्ता अंगणापलीकडे आहे, लेकराला जेवू घालते आहे, तिचा आवाज मला इथे ऐकू येतो. मी हाक मारली तर ती लगेच येईल. पण ती उत्तर देईल, सर. तुम्ही देणार नाही, म्हणून मी तुम्हाला लिहीत बसले.